धरणारी

स्प्रिंटची शर्यत सुटण्याआधी
सायकल कुणीतरी धरावी लागते.
एक हात सीटच्या मागं, दुसरा हँडलपाशी.
प्रणिता कुळसंगेची सायकल नऊ वर्षं मी धरली.
पेपरात माझं नाव कधी आलं नाही,
एकदा कोपर आलं होतं.

आम्हाला ट्रॅक नव्हता.
राळेगावच्या अलीकडं जिनिंगची फरशी होती,
बाबा तिथं चौकीदार, किल्ली आमच्या घरच्या खिळ्याला.
दिवाळीनंतर तिथं कापसाचे ढीग, ट्रकं, उडता कस्तर;
एप्रिल सरता सरता सगळं रिकामं,
आणि सिमेंट रात्री दहापर्यंत तव्यासारखं.
पहाटे चारला जायचो.
सरकीवरून चाक घसरतं
म्हणून आधी मी खराट्यानं एक पूर्ण फेरा मारायचे.
हिशेब केला तर
तिच्यापेक्षा माझेच फेरे जास्त भरतील. असो.

पुण्याहून जुनी ट्रॅकची सायकल आणली तेव्हा
बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली.
"बिरेक कुठी हाय वं इचे?"
नाई बाबा.
"मंग थांबते कशी?"
थांबतच नाई. पाय थांबवला तरी चाकच पायाले फिरवते.
हयूहयू कमी होत जाते.
बाबा बराच वेळ मागचं चाक फिरवत बसले.
"मशीनच्या पट्ट्यावाणी हाय," म्हणाले.
पट्ट्यानं त्यांची दोन बोटं नेली होती.

दोनशे मीटर:
चौदा पूर्णांक एक.
तेरा पूर्णांक सहा.
मग पुण्याला, आडव्या वाऱ्यात, बारा पूर्णांक नऊ.
तोवर तिच्या मांड्या एसटीच्या सीटवर मावेनाशा झाल्या.
मामी म्हणाली, पोरीच्या जातीले हे बरं दिसत नाई.
आई म्हणाली,
बैलाच्या असल्या की हात फिरवून पाहता नं?

दिल्लीला, लाकडी ट्रॅकवर,
तिच्यासमोर व्हेनेझुएलाची मारिसोल आली.
पुढची वारा कापते,
मागची तिच्या आडोशानं येते आणि शेवटी निघून जाते.
म्हणून पुढं कुणालाच जायचं नव्हतं.
वरच्या वळणावर, त्या तिरप्या उतारावर,
दोघी उभ्या राहिल्या.
पाय पायडलवर. चाकं बोटभर पुढं, बोटभर मागं.
लोक आधी हसले, मग गप्प झाले.
दहा सेकंद. वीस.
तीस झाले की पंच पुढचीला निघायला लावतात.
प्रणिता पुढं होती.
मी खाली, रिकामे हात घेऊन,
बोटं तरी सीट धरल्यासारखीच वाकलेली.

सत्ताविसाव्याला ती निघाली.
टायरच्या जाडीनं हरली.
तीन सेकंद आधी का निघालीस
हे मी अजून विचारलेलं नाही.

नंतर मारिसोल आली,
आपल्या मांडीवर वीत ठेवली, मग हिच्या,
मग माझ्या काडीसारख्या पायांवर,
आणि तिघी इतक्या हसलो की
कोचनं येऊन पाहिलं.
भाषा लागलीच नाही.

त्यानंतरचं थोडक्यात:
मणक्याची गादी सरकली.
दोन वर्षं डॉक्टर, एक वर्ष देव.
आता आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका, कंत्राटी,
अकरा महिन्यांची, मग पुन्हा अकरा महिन्यांची.
सायकल विकली नाही, वर टांगली आहे,
तिच्यावर कांद्याची माळ कुणी लावली माहीत नाही.

मागच्या मार्चमध्ये मारिसोलचा फोटो आला.
कुठल्या तरी दुसऱ्याच देशातलं शहर,
पाठीवर जेवणाचा चौकोनी डबा.
खाली लिहिलेलं फोननं मराठीत करून दिलं:
माझ्या सायकलीला आता ब्रेक आहेत.
मी लोकांच्या दारात थांबते.
प्रणितानं ते वाचलं,
जिनिंगच्या फरशीचा फोटो काढून पाठवला,
तोही कापूस भरलेल्या दिवसांतला.

परवा संध्याकाळी वडकीच्या रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या.
ती शाळेची सायकल घेऊन पुढं होती,
मी मागून पायी, भाजीची पिशवी घेऊन.
तिनं पाय खाली टेकवला नाही.
उभी राहिली, पायडलवर, हँडल जरा तिरपं,
शेवटची म्हैस तिच्याकडं पाहत राहिली, हलेना.
मी पिशवी रस्त्यावर ठेवली.
मोजायला लागले.