तोराबचा कागद

झालकाठीच्या कोर्टात पंखा अडखळत फिरतो.
पिंजऱ्यात आम्ही दोघे, मध्ये हातभर जागा.
सुगंधा नदी इथून दिसत नाही, वास तेवढा येतो,
चिखल, डिझेल, सडके पेरू.

पेशकार वाचतो, चार पानं.
मी आणि मोतालेब, दोघं गेलो.
आडतदाराला वल्ह्यानं मी मारलं.
कंदील मोतालेबनं धरला होता.
खाली सही. शेवटच्या अक्षराला शेपूट.
ती शेपटी तो माझ्या पाटीवर बघून शिकला.

कुणी हात लावला नव्हता त्याला.
मॅजिस्ट्रेटनं तीन तास दिले, विचार कर म्हणून,
पाणी दिलं, पोलिसांना बाहेर काढलं.
तीन तास विचार करून
तो हेच बोलला.

जजबाई चष्मा पुसतात.
म्हणतात, हा कागद तोराबवर पुरावा आहे.
मोतालेबच्या बाबतीत तो फार तर विचारात घ्यायचा.
ना शपथेवर दिलेला, ना उलटतपासणीत टिकलेला;
स्वतः बुडणारा माणूस दुसऱ्याचंही नाव घेतो.
आधी बाकीचा पुरावा पारड्यात घाला,
पारडं झुकत असेल तर वरून हा ठेवा.

बाकीचं काय होतं?
गिरणीच्या राखणदाराला एकच सावली दिसली.
होडीवाला दोनदा फिरला.
कंदील सापडला नाही.
पारडं रिकामं. रिकाम्यावर कागद ठेवता येत नाही.

तोराबला जन्मठेप. मी सुटलो.
एकच कागद,
त्याच्या अंगावर दगड, माझ्या अंगावर पीस.
वकील बदरुलसाहेब म्हणाले, कायद्यानं वाचलास.
जाताना तोराब वळला नाही.
वळला असता तर बरं झालं असतं,
की नसतं, अजून ठरत नाही.

गावानं मात्र कागद आधी टाकला पारड्यात.
चहाच्या टपरीवर माझ्यासमोर कप येतो,
गप्पा थांबतात.
बायको काही विचारत नाही.
रात्री कंदील कुठे गेला, हेसुद्धा नाही.

भीमरुलीच्या खालात पेरूच्या होड्या लागतात.
तोराबची आई अजून तिथेच विकते,
तराजू तोच, एका साखळीला सुतळी बांधलेला.
याच पाण्यात, तिच्या होडीपासून चार वाव पुढे,
काचेसकट तो मी सोडला होता.

ती शेरभर तोलते. काटा स्थिर होतो.
तरी वरून एक पेरू टाकते.
म्हणते, लहानपणापासून त्याला
खोटं बोलता येत नाही.

मी नोटा मोजून देतो.
ती मोजत नाही.