माल्टा

सेतू केंद्रातल्या खुर्चीत ती बसली तेव्हा
माझ्यापुढं सातबाराचे अकरा अर्ज होते.
पंचफुला गोरडे, निवृत्त नर्सबाई.
बेनोड्यातल्या निम्म्या पोरांना पहिली सुई हिनंच टोचलेली,
मलाही.
पिशवीतून डायरी काढली, चष्मा पदराला पुसला,
म्हणाली, "माल्टाले चालली. खोली पाहून दे."

रांगेतला वासुदेव हसला,
"माल्टा त आपल्या बांधावरच हाय वं,
जंबेरीवर डोळा बांधला की झालं!"
"तो नोय," ती म्हणाली,
"ह्या माल्टाच्या चारी अंगानं पाणी हाय."

लेक तिथल्या दवाखान्यात, प्रणोती.
एका खोलीत चार पोरी, पाचव्या गादीला जागा नाही.
म्हणून तिनं तीन रिसॉर्ट धाडले मोबाइलवर,
खाली एकच ओळ :
आई, तू निवड. आठ दिवस मी पण तिथंच राहीन.

पहिल्यात पोहायचे तलाव तीन.
"समुद्राच्या काठाले तलाव कायले?"
मला सांगता येईना. मी पुढचा फोटो काढला.
पांढरी चादर, तिच्यावर टॉवेलाचे दोन हंस.
"हे उसकले त पुन्हा आपल्यालेच करा लागते का?"

दुसऱ्यात वाळू,
मऊ, चाळून घेतल्यासारखी,
छत्र्या पंगतीसारख्या ओळीत
आणि छत्रीखालच्या खाटेचं भाडं वेगळं.
तिनं डायरीत युरोचे रुपये केले,
आठानं गुणलं,
थोडा वेळ त्या आकड्याकडं पाहिलं
आणि मुदत सरलेली बाटली बाजूला ठेवावी
तशी त्याच्यावर रेघ मारली.

तिसऱ्यात वाळूच नव्हती.
नुसता खडक. खडकात ठोकलेली लोखंडी शिडी,
ती सरळ निळ्यात उतरलेली.
"मावशी, तुमचे गुडघे," मी म्हटलं.
"पायऱ्या मोज."
फोटो मोठा करून मोजल्या. सात.
आठवी पाण्यात हलत होती, की ती नव्हतीच.
"गोरड्याच्या विहिरीले बावीस होत्या," ती म्हणाली.

मग राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचलं.
खोल्या जुन्या. लिफ्ट नाही.
मालकीणबाईच्या हातची वांगी चांगली.
रात्रभर लाटांचा आवाज, डोळ्याला डोळा लागत नाही.
"हे अखरीचं परत वाच."
वाचलं.
"परत."

रांग गप्प झाली होती, का कोण जाणे.

"मोवाडच्या पुरानंतर
मी तिकळे कॅम्पात सुया देत होती," ती म्हणाली,
माझ्याशी नाही, पडद्याशी.
"लोक पाण्याचं नाई सांगत, आवाजाचं सांगत.
एकच बार आला, म्हणत, अन् मंग कायीच नाई.
तवापासून नळ जोरात सुटला तरी मी उठून बसतो."
मग माझ्याकडं वळून,
"हे पाणी रोज रातच्याले असंच वरडते ना?"
"हो."
"अन् सकाळी जाग्यावरच रायते?"
"राहतं, मावशी."
"मंग हेच कर."

मी नाव भरलं, पासपोर्टचा नंबर भरला,
वय भरताना ती म्हणाली, बरोबर लिही, लपवू नको.
ओटीपी प्रणोतीच्या फोनवर जाणार होता
आणि प्रणोती ड्युटीवर.
आम्ही वाट पाहिली.
वासुदेवानं सातबाराचं विचारलं, मी हात केला.
पंख्याखाली अर्ज फडफडत होते.

"लुगडं नेसून उतरता येते का रे त्या शिडीनं?"

मी सगळं धुंडाळलं, शेवटच्या पानापर्यंत.
गुळगुळीत दगडाचं लिहिलं होतं, मांजराचं,
कॉफी गार मिळते त्याचंसुद्धा.
लुगड्याचं कोणी लिहिलं नव्हतं.

"मंग मी लिहीन आल्यावर," ती म्हणाली,
आणि प्रिंटचे दहा रुपये, नको म्हटलं तरी,
कीबोर्डाखाली सरकवून
पुढच्याला खुर्ची दिली.