आतनं घाम फुटतो

श्रावण आला तरी कुंभार गल्लीत
गाडी ठेवायला पत्रा नाही.
जिन्याखाली घरमालकाची लाकडं,
सोप्यात माझं पिको-फॉलचं मशीन,
आणि सुचिताची स्कूटर उघड्यावर,
जयंती नाल्याकडं तोंड करून.

कोपऱ्यावरचा फ्लेक्स वाढदिवस सरल्यावर
पोरांनी उतरवला, मी मागून घेतला.
बारा बाय आठ. भावी नगरसेवक रणधीरदादा,
गॉगल, जोडलेले हात,
खाली शुभेच्छुकांची सोळा तोंडं.
अठरा नंबरची सुई घातली तरी तीन मोडल्या.

हँडलला चुण्या, आरशांना दोन खिसे,
खाली नाडी, ओढून गच्च गाठ.
ब्लाउज बेतावा तसं बेतलं.
वाऱ्याला बोट घालायला जागा ठेवली नाही.

पाचव्या दिवशी गाडी सुरू होईना.
दस्तगीर मिस्त्रीनं प्लग काढला,
फुंकला, पुसला,
मग कव्हरची आतली बाजू
माझ्या तळव्यावर टेकवली. ओली.
"पाऊस न्हाई ह्यो, ताई. घाम हाय.
ओल्या गाडीवर झाकण घातलं की आतनं गंजती.
आधी पुसा. उभी ऱ्हाऊ द्या जरा.
मग झाका, आणि खालनं मोकळं सोडा.
मशीनचं तेल हाय न्हवं? दोन थेंब स्टँडच्या स्प्रिंगला."
पैसे घेतले नाहीत,
बायकोच्या दोन साड्यांना फॉल लावून द्या म्हणाला.

दुपारभर उसवत बसले.
शिवताना हात चालतो,
उसवताना डोळा चालवावा लागतो.

रात्री साडेनऊला सुचिता आली,
राजारामपुरीतल्या लॅबमधली पाळी संपवून, निथळत.
रोज मी दारातच असते:
उशीर का, बटणं उघडी का,
फोन का उचलला नाहीस, मागं कोण होतं.
आज टॉर्च धरून उभी राहिले नुसती.
जुन्या परकराच्या फडक्यानं तिनं सीट पुसली,
चाकाच्या आऱ्या पुसल्या, एकेक.
"कव्हर?" म्हणाली.
"थांब. वारं लागू दे."

उंबऱ्यात बसलो दोघी,
पाय बाहेर, पागोळ्यांच्या हद्दीपर्यंत.
चहा निवला.
मग तिनं आपणहून काहीतरी सांगितलं.
ते इथं लिहीत नाही.

सकाळी नाल्याचं पाणी बघायला
रणधीरदादा आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
मागं छत्री धरलेला पोरगा.
आमच्या दारात थबकले.
गॉगल बरोबर हेडलाइटवर आलेला,
सोळापैकी नऊ तोंडं मडगार्डावर उलटी.
मला वाटलं, रागावतात आता.
कडेनं एक फेरी मारली,
खालची मोकळी झालर उचलून बघितली,
"गळतंय काय?"
"शिवणीतनं. थोडं."
मान हलवली, हात जोडले.
सीटवर ते आधीच जोडलेले होते.