फट

ग्रामीण रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत
आज पहिला नंबर इस्तारी कुमरेचा.
धोतर सावरत मेजावर चढला,
गुडघा म्हणाला कर्र,
तर त्यालाच दटावलं त्यानं : "गुमान राह्य बे."

मी त्याला ओळखलं. त्यानं मला नाही.

अकरा वर्षांची होते, चाराच्या झाडावरून पडले.
उजवा हात खांद्यापासून परक्याचा,
नुसता लोंबणारा.
बापानं सायकलवर घालून नेलं नवेगावच्या अलीकडे,
याच्या पडवीत.
आधी यानं पिशवीतून दोन हाडं काढली,
बोकडाची, हाताळून गुळगुळीत झालेली.
एकाचं टोक बोरासारखं गोल,
दुसऱ्यात त्याच्या मापाची वाटी.
"पाय पोरी, हे याच्यात नांदते.
मांडीची वाटी खोल. खांद्याची नुसती बशी,
म्हनून हात आभायात जाते,
आन् म्हनूनच निसटते."

मग टाच माझ्या काखेत रोवून
मनगट ओढत राहिला, घाई नाही,
ओल्या मातीतून खुंटी काढावी तसा.
"म्हशीचं नाव काय तुमच्या?"
मी म्हटलं, "चं—"
खट.
"द्रा" रडण्यासोबत आलं.

पुढं पुस्तकातून नावं शिकले सगळ्यांची.
मान फिरते जात्यासारखी,
खालच्या मणक्याचा खुंटा, वरची पाळ.
कोपर म्हणजे कवाड, एकाच अंगाला उघडणारं.
अंगठ्याच्या बुडाशी खोगिरावर उलटं खोगीर,
त्याच्या जोरावर माझी आई
दिवसाला किती बांध्या रोवायची धानाच्या
ते पुस्तकात नव्हतं.
कवटीचे सांधे तेवढे दातात दात घालून
जन्मभर गप्प.

पण फिल्मवर सांधा दिसतच नाही.
हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं.
हाडं दिसतात, पांढरी,
आणि मध्ये काळी फट.
कूर्चा, वंगण, उठणं, बसणं, उकिडवं होणं,
सगळं त्या काळ्यात.

इस्तारीची फिल्म खिडकीला धरली.
उजव्या गुडघ्यात फट आतल्या अंगानं मिटलेली,
हाड हाडावर टेकलेलं.
"इथं काही नाई का?"
"होतं. झिजलं."
"हं. बंडीचा आस कोरडा पडला."
दुसऱ्यांचे सांधे ओढताना
याच गुडघ्यावर टेकायचा तो, पडवीतल्या फरशीवर.

मी म्हणत होते, डॉक्टर सांगतील,
गोंदियाला जावं लागेल, कार्ड आहे का,
पण त्याचं लक्ष नव्हतं.
फिल्म धरून वर गेलेल्या माझ्या हाताकडे बघत होता.
मेजावरून उतरला. न विचारता
अंगठा ठेवला खांद्याच्या खळीत,
हात मागं नेला, वर, कानाला लावला,
पुन्हा गोल,
डोळे मिटून, कान देऊन.

"चंद्रा," तो म्हणाला.
"हाय का म्हैस अजून?"