डोळा भरण्याचे दिवस

नवशिष्यांच्या खोलीत भिंतीला चोवीस खुंट्या आहेत,
पांढऱ्या शिरोवस्त्रांसाठी.
यंदा एकीवरच वस्त्र आहे.
बाकीच्यांवर कॅलेंडरं लावा, मदर म्हणाल्या,
भिंत उघडी दिसते.
मी दोन लावली. उरलेल्या तशाच ठेवल्या,
कुणी विचारलं तर खरं सांगता यावं.

माझ्या दारावर लिहिलंय : पाचारण विभाग.
बावीस वर्षं पत्रकं घेऊन फिरले,
काटोल, उमरेड, बल्लारपूर,
एसटीच्या शेवटच्या सीटवर, मांडीवर डबा.
नववीच्या मुलींना विचारायची,
देव तुला बोलावतोय का?
मुली पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायच्या.
एकीनं उलट विचारलं,
सिस्टर, तो मराठीत बोलावते का?
सगळा हॉल हसला, मीही.
रात्री मुक्कामाला झोप आली नाही.

कारण मला तरी कोणी बोलावलं होतं?
आमच्या गावात दवाखान्याची सिस्टर लुना चालवायची,
धुळीतून, ताठ मानेनं,
मागं औषधांची पेटी.
तेरा वर्षांची मी, मला ती लुना पाहिजे होती.
देवापर्यंत मी त्या लुनाच्या कॅरिअरवर बसून आले.
हे पत्रकात छापलेलं नाही.

जसिंता तिग्गा आली सिल्लेवाड्याहून.
बाप कोळशाच्या खाणीत, रात्रपाळी संपवून तसाच आलेला,
पापण्यांच्या कडा काळ्या, काजळ घातल्यासारख्या.
पत्र्याची पेटी दारात ठेवून म्हणाला,
सांभाळा बाप्पा हिले.
हिले रात्री भूक लागते.
एवढीच शिफारस.
फादरांचं शिफारसपत्र दोन पानी होतं,
त्यात हे नव्हतं.

मे महिन्यात, प्रार्थनालयात कूलर घरघरत असताना,
वाळ्याच्या ओल्या वासात ती हळूच म्हणाली,
सिस्टर, मले काहीच आयकू येत नाही.
आधी तो कूलर बंद कर, असं तोंडावर आलं होतं.
नाही बोलले. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.
त्या शुक्रवारी मेयोच्या वॉर्डात
तिनं एका अनोळखी म्हातारीची नखं कापली,
वीसच्या वीस,
आणि परतताना रिक्षात रडली,
का ते तिलाही सांगता येईना.

थंडीत किसनभाऊ बावणे परसात संत्र्याचे डोळे भरत होते.
जंबेरीच्या खुंटाला चाकूनं उभी-आडवी चीर,
सालीच्या आत डोळा सरकवायचा,
पट्टी गुंडाळायची, आणि हात काढून घ्यायचा.
रोज सोडून पाहू नका सिस्टर, पाहून पाहूनच मरते ते.
किती धरतात?
दहातले सहा. कधी चार.
अन् खालून जंबेरीचाच फुटवा आला तर?
तोही झाडच आहे ना, बाप्पा. आंबट आहे, एवढंच.

जसिंता शेजारी पट्टीचं बंडल धरून उभी होती.
काही बोलली नाही. बंडल मात्र घट्ट धरलं होतं.

वर्षाचा अहवाल भरायचा आहे.
रकाने दोन : आलेल्या, टिकलेल्या.
पुण्याची जॉयलिन गेली, लग्न केलं,
दर नाताळाला करंज्या पाठवते,
बस्तीतल्या पोरांची शिकवणी घेते घरच्या ओट्यावर.
तिला कुठल्या रकान्यात लिहू?

आज पहाटे साडेचारला खुंटी रिकामी होती.
पेटी जागेवर आहे का, ते मी पाहिलं नाही.
किसनभाऊंचं ऐकलं म्हणा, किंवा भ्याले म्हणा.
चप्पल न घालताच परसात गेले.
तारेवर शिरोवस्त्र, नुकतं धुतलेलं,
जंबेरीच्या वाफ्यात टिपटिप पाणी.
आणि स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर
जसिंता, रात्रीची भाकर, तेल-तिखट.

भूक लागली होती, सिस्टर.

राहशील का, हे मी विचारलं नाही.
ती थोडी सरकली.
पायरी थंडगार होती.
मी बसले.