ढालीची उजवी बाजू

एलरब्रूख, विस्कॉन्सिन. वस्ती नऊशे चार.
वेशीवरची पाटी रंगवायचं काम मला मिळालं,
दुसरं कुणी शिडीवर चढेना म्हणून.

खाली घडीची खुर्ची टाकून लिओना डेटमन, वय शहाऐंशी.
मांडीवर जर्मनीतल्या मूळ गावच्या सरपंचांचं पत्र,
त्यात चिन्हाचं वर्णन, एका दमात:
हिरव्यावर रुपेरी नागमोडी पट्टा,
वर उजवीकडे अल्डरचं पान, डावीकडे बगळा,
खाली गिरणीचं अर्धं चाक, सोन्याचं.

मी पान उजवीकडे काढलं.
तिनं काठी आपटली.
उजवी बाजू ढालीची गं, बघणाऱ्याची नव्हे.
ढाल ज्याच्या हातात, त्याच्या मागे जाऊन उभी राहा
आणि मग सांग.

पान पुसलं. टर्पेंटाइननं बोटं चुरचुरली.

तिकडं चार खेडी होती, ती सांगू लागली,
चौऱ्याहत्तर साली सरकारनं एका दप्तरात बांधली.
एकानं पान दिलं, एकानं बगळा,
तिसऱ्यानं चाक. अर्धंच, गिरणी जळाली तेव्हा तेवढंच उरलेलं.
चौथ्याकडं द्यायला काहीच नव्हतं.
त्याच्या कडेनं ओढा जायचा, तो घेतला.

आणि तुमची माणसं?
ती अठराशे त्रेपन्नलाच निघाली.
ही ढाल त्यांच्यातल्या कुणीच पाहिली नाही.

माझ्या घराण्याला ढाल नाही, देवक आहे: कळंबाची डहाळी.
लग्नात मांडवाच्या खांबाला बांधतात.
माझं लग्न मिलवॉकीच्या कोर्टात, अकरा मिनिटांत.
अल्डरच्या पानाला टोकाशी खाच असते;
माझ्या हातून टोक निघालं.
लिओनानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
बगळ्याचे पाय जरा लांब कर, एवढंच म्हणाली.

उन्हं कलली तेव्हा, कुणी विचारलं नसताना:
एकोणीसशे अठरात गावाचं नाव
माझ्या आजोबांनी स्वतः डांबरानं माखलं,
रात्री, दुसरं कुणी माखायच्या आत.
फळी टाकली मात्र नाही. उलटी करून ठोकली.

मागची बाजू काळी आहे हे मी सकाळीच पाहिलं होतं.
वाटलं, वाळवी लागू नये म्हणून असेल.

शिडी उतरले. पाटीच्या मागे गेले,
ढाल धरणारा उभा राहील तिथं.
पान आता माझ्या उजव्या हाताला, फळीपलीकडं, ओलं.
अलीकडं डांबर, उन्हानं मऊ झालेलं.
अंगठा दाबला.
खाली कोरलेल्या अक्षराची कड लागली.