कापरं

ऑपरेशनच्या खोलीत माझं काम मिठी मारायचं.
एकवीस वर्षं झाली, विट्यात, ह्याच दवाखान्यात.
टेबलावर बसलेल्या बाईचं कपाळ खांद्यावर घेते, सांगते,
पाठ काढ बाळ, मांजर काढतं तशी,
हनुवटी छातीला, माझा हात दाब, हलू नको.
कितीजणींनी दाबला. अंगठ्याजवळ एकीच्या नखाची खूण हाय अजून,
भाळवणीची होती, जुळी झाली तिला.

सुई जाती. पाय जड होत्यात.
"अगं बाय, ऊन पाण्यात सोडल्यागत वाटतंय."
तिथंच फसगत.
अंगातली सगळी ऊब खाली पायांकडं धावती
आन् वर छातीत विझल्या चुलीचं घर.

मग जबडा.
आधी जबडा, मग खांदे, मग टेबल.
ट्रेमधल्या कात्र्या आपसूक वाजाया लागत्यात,
बोटाला लावलेला चिमटा आकडाच दाखवत न्हाई,
दंडावरचा पट्टा फुगतो, सुटतो, परत फुगतो.
मे महिन्यात. बाहेर डांबर पाघळतंय
आन् आत बाई पौषातल्या पहाटेगत कुडकुडती.
"मी भ्याले न्हाई हो, खरंच भ्याले न्हाई."
दात वाजवत, शब्दाचे तुकडे करत, सगळ्या हेच सांगत्यात.
ठावं हाय मला. भ्या येगळं, कापरं येगळं.

उपाय होते आमच्याकडं.
सोलापुरी चादरी, चार. कोमट केलेलं सलाईन.
एसी बंद करा म्हणून सर्जनबाईंशी भांडण,
त्या घामानं निथळत, चष्मा धुरकटलेला.
आन् शेवटी मी, खांदे धरून आडवी.
धरलेलं कापरं आपल्या अंगात उतरतं.
रात्री परातीत भाकरी थापताना
कडा वाकड्या यायच्या, पोरं हसायची.

मगदूम डॉक्टर आले तवा मिसरूडच फुटलेलं म्हणा.
पाठ पुसायच्याही आधी
हाताच्या शिरेत हळू हळू एक छोटी सिरिंज.
मी म्हटलं, हे तर ओकारीचं औषध.
"तेच मावशी. कापऱ्यालाही आडवं येतं."
"मग आधी कशाला? अजून कुठं कापतीय ती?"
"चोर येऊन गेल्यावर कुलूप लावता काय तुम्ही?"
मनात म्हटलं, बोलाया बरं शिकलंय.

ती मोनाली. दुसरं बाळंतपण, दुसऱ्यांदा पोट फाडायचं.
नवरा गलाईला, लांब कोईमतूरला, मुशीत सोनं वितळवत.
पयल्या खेपंला इतकी हादरत होती
की पोरगं हातात द्यायला कुणी धजलं न्हाई.
गुंडाळून नेलं. तोंड बघितलं ते दिवेलागणीला.
हे तिनं मला पाठ काढता काढता सांगितलं,
माझ्या खांद्यात, कापडात, तोंड खुपसून.

सुई झाली. आडवी केली.
मी दोन्ही हात खांद्यांवर ठेवून तयार.
तीही तयार, दात गच्च आवळून.
दोघी वाट बघतोय.
घड्याळ. सर्जनबाईंचं "चिमटा दे." पाण्याचा आवाज. मग रडणं.
पोरगी. गालाला गाल लावला
आन् मोनालीचा हात वर आला, सरळ,
एक बोट, पोरीच्या ओल्या भुवईवरनं, रेघ न मोडता.
"मावशी, अजून यायचं असंल न्हवं का ते?"
"बघू," म्हटलं.

आलं न्हाई.
दर वेळी असं होत न्हाई. परवाच लेंगऱ्याची एक कापलीच,
डॉक्टरांनी दुसरी सिरिंज भरली, मी आडवी पडले.
पण त्या दिवशी आलं न्हाई.
कागदावर वजन लिवलं, येळ लिवली, रगत किती गेलं ते लिवलं.
माझे हात तिच्या खांद्यांवरच, काढावं कसं कळंना.
मग टोपीतनं सुटलेली एक बट आत सारली.

बाहेर फोन. कोईमतूर.
"मावशी, लई कापली का हो?"
"न्हाई."
"मग काय झालं?"
"काय झालं न्हाई. पोरगी झाली."
पलीकडं तो गप्प. भट्टीच्या पंख्याचा तेवढा
घों घों आवाज येत राहिला.